पुढील अर्ज येईपर्यंत

आमच्या गावातले निम्मे अर्ज माझ्या अक्षरात आहेत आणि जवळजवळ सगळे ठराव आमच्या अण्णांच्या अनुमोदनाने मंजूर झालेले आहेत. तरीही आमच्या घरात तीन वर्षं नळ नव्हता.

माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईस्तोवर माणूस रिकामा बसतो आणि रिकाम्या माणसाला तक्रार सुचते. माझं अक्षर बरं, शिवाय 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि 'सबब विनंती की' ही भाषा मला आईच्या दुधाबरोबर मिळाल्यासारखी येते. (गणितात तीनदा नापास झालो, ती गोष्ट वेगळी.) त्यामुळे दळणाच्या डब्याबरोबर कोरा कागद आणायची गावात पद्धतच पडली. दिव्याचा अर्ज, गटारीचा अर्ज, मोकाट वळूचा अर्ज. लिहायचा, वरचं पीठ झटकायचं, ज्याचा त्याला द्यायचा आणि विसरून जायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ग्रामसभेत ठराव मांडतो तो सूचक आणि त्याला दुजोरा देतो तो अनुमोदक. सूचक व्हायला आमच्याकडे चढाओढ असते, अनुमोदक व्हायला कुणी तयार नसतो, कारण उद्या भांडण झालं तर वहीत नाव सापडतं. ही गावाची अडचण अण्णांनी एकट्याने दूर केली आहे. 'अनुमोदन?' एवढा शब्द कानावर पडला की त्यांचा हात वर जातो, मग ते जागे असोत की नसोत. ठराव कशाचा होता, ते घरी आल्यावर आम्हालाच विचारतात. (एकदा एकाच सभेत त्यांनी बाजार पाराजवळ भरवायलाही अनुमोदन दिलं आणि तो तिथून हलवायलाही. दोन्ही ठराव मंजूर झाले!)

तर आमचा नळ. पाइपलाइन आमच्या गल्लीत आली, एकेक घर घेत विठ्ठलमामांच्या भिंतीपर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. त्यापुढे गल्लीत एकच घर आहे आणि ते आमचं आहे. तेव्हापासून माझी बायको सुमन कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन यायची. मी पंचायतीत तोंडी विचारायला गेलो की एकच उत्तर मिळायचं, "तुमचं काम हरकतीत हाय." कुणाची हरकत, हे बघायला फाइल लागायची. फाइल कपाटात असायची, कपाटाची चावी शिपायाकडे असायची आणि शिपाई कुंभार पिंपळगावच्या बाजाराला गेलेला असायचा.

पण आम्हाला फाइलची गरजच काय होती? पाइप मामांच्या भिंतीशी अडला म्हणजे हरकत मामांची, हे शेंबडं पोरही सांगेल. आम्ही मामांशी बोलणं सोडलं. सुमनने त्यांच्याकडे पुरणपोळीचं ताट पाठवणं बंद केलं. मी त्यांचं दळण घ्यायचो, पण जरा भरड काढायचो.

यंदा एप्रिलमध्ये सुमनने हंडा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "मह्या माईचा फोन आल्ता. मेच्या दुसऱ्या हप्त्यात यून राह्यली ती, टेंभुर्णीहून."

"येऊ द्या की. आंबे आणू."

"आंब्याचं न्हाई म्हणत मी. लग्न ठरवायला तुमी आल्ते तवा माईनं काय इचारलं व्हतं?"

मला चांगलं आठवत होतं. सासूबाईंनी विचारलं होतं, 'पोरीला पाणी लांबून आणावं लागंल का?' आणि मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, 'नळ येऊनच राह्यला.'

"माई आठ वर्षांनी यून राह्यली," सुमन म्हणाली. "तिच्या डोळ्यांसमोर मी डोक्यावर हंडा घेऊन येणार न्हाई. तुमी साऱ्या गावाचे अर्ज लिवता. एक आपल्या घराचा लिवा."

ती भांडली असती तर मी तोंड दिलं असतं. पण ती शांतपणे बोलली आणि मला मनापासून लाज वाटली. त्याच दुपारी मी गिरणी बंद ठेवून प्रश्न लिहायला बसलो. 'महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत खालील प्रश्नाचे उत्तर जाहीररीत्या मिळावे.' तीन पानं झाली. सुमनला वाचून दाखवली तर म्हणाली, "नळ कुठं आलाय ह्याच्यात?" तो तिसऱ्या पानावर होता.

एक मेच्या सभेची बातमी गावभर पसरली. एरवी आमची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब होते. आठवड्याने पुन्हा भरते, त्या सभेला गणपूर्ती लागत नाही, मग सात-आठ माणसांत गावाचा कारभार उरकतो. पण यंदा शाळेपुढच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. सुमनने गल्लीतल्या सगळ्या बाया आणून पुढे बसवल्या होत्या. अण्णा खांबाला टेकून बसले होते. विठ्ठलमामा पहिल्याच रांगेत होते. मी मनात म्हटलं, बसा मामा, आज तुमचीच पूजा आहे.

सरपंचताईंनी माझं नाव पुकारलं. ग्रामसेवक भाऊसाहेब फाइल घेऊन उठले आणि म्हणाले, "दत्ताभाऊ, तुमचा लेखी प्रश्न आला म्हणून मी कपाटातून फाइल काढली. त्याच्यात असं हाय की—"

"भाऊसाहेब, फाइल मंग. आधी मला बोलू द्या." मी माइक घेतला.

माइक हातात आल्यावर माझं काय झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी पाण्यापासून सुरुवात केली आणि शिवाराच्या इतिहासावर गेलो. बायकांच्या डोक्यावरचे हंडे मोजले. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माणूस थांबत नाही.

"एक माणूस!" मी म्हणालो. "ह्या गावात एकच माणूस हाय, ज्याच्या हरकतीमुळं एका घराला तीन वर्षं पाणी मिळालं न्हाई. तो आत्ता ह्या मांडवात बसलाय." (इथे मी मामांकडे पाहिलं. मामांनी मागे वळून पाहिलं.)

"दत्ताभाऊ," भाऊसाहेब माझ्या शर्टाला हात लावून म्हणाले, "एकडाव फाइल बघून घ्या."

"फाइलला भितो कोण? त्या माणसाचं नाव सभेपुढं मोठ्यानं वाचा. आणि मी ठराव मांडतो. ज्यानं हरकत घेतली त्यानं भर दिवसा, साऱ्या गावादेखत, सोताच्या हातानं नळाची चारी खांदून द्यावी. मजूर लावायचा न्हाई. सावलीला बसायचं न्हाई."

"आवं, आधी नाव तर कळू द्या," सरपंचताई म्हणाल्या.

"नावाशी काय करायचं? माणूस कोणी का असंना, ठराव बिलकुल हाच. लिवून घ्या."

ताईंनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, भाऊसाहेबांनी आभाळाकडे पाहिलं. "बरं," ताई म्हणाल्या, "अनुमोदन?"

खांबापाशी अण्णांचा हात वर गेला. डोळे मिटलेले होते.

सगळ्या मांडवाने हात वर केले. सुमनने तर दोन्ही केले. ठराव एकमताने मंजूर झाला, वहीत लिहिला गेला आणि मग भाऊसाहेबांनी फाइल उघडली. आतून एक कागद काढून त्यांनी तो सरळ करायला झटकला. कागदातून पीठ पडलं.

ज्वारीचं होतं. पीठ मी लांबूनही ओळखतो.

भाऊसाहेब वाचू लागले. "'उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदाराच्या भगिनीचा विवाह असून दारापुढे मांडव घातला आहे. सबब अर्जदाराच्या घरापुढे पुढील अर्ज येईपर्यंत कोणत्याही प्रकारचे खोदकाम कदापि करण्यात येऊ नये.' खाली सही हाय. दत्तात्रय..."

पुढचं मी ऐकलं नाही. मला सगळं आठवलं. धाकटी बहीण अंबडला दिली, तेव्हाची गोष्ट. लग्न चार दिवसांवर आणि पाइपवाले दारात कुदळ घेऊन उभे. अण्णा म्हणाले होते, "दत्ता, चार दिस थांबा म्हणून लिवून दे." मी 'चार दिवस' लिहिणार होतो. पण अर्जात 'चार दिवस' म्हणजे फारच साधं वाटलं. 'पुढील अर्ज येईपर्यंत' याला एक वजन होतं! लग्न झालं, मांडव निघाला, पाइपवाले दुसऱ्या गावाला गेले. मी तेव्हापासून गावाचे शेकडो अर्ज लिहिले. पुढील अर्ज तेवढा राहिला.

मांडवात कुणी हसलं नाही. एकदम हसायचं की एकेकाने, हे ठरत नसावं. तेवढ्यात अण्णा जागे झाले आणि शेजारच्याला विचारते झाले, "काय मंजूर झालं?" मग मात्र शाळेचे पत्रे हलले.

सुमन हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तीन वर्षांचे हंडे त्या नजरेत होते आणि मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभा राहिलो, तर कुदळ आणि फावडं घेऊन विठ्ठलमामा हजर. "मह्याकडची कुदळ धारदार हाय," ते म्हणाले. मी म्हणालो, "मामा, चुकलं मह्यं." मामा म्हणाले, "ते राहू दे. दळण तेवढं आता बारीक देत जा."

मुरूम असा की कुदळ उलटी यायची. वर मे महिन्याचं ऊन. सगळी गल्ली ओट्यावर बसून ठरावाची अंमलबजावणी बघत होती. अण्णा बाजेवर छत्री धरून बसले होते आणि मधूनमधून सांगत होते, "बराबर खांदून राह्यला." तिसऱ्या दिवशी मी कमरेइतक्या चारीत उभा असताना गल्लीच्या तोंडाशी पिशवी घेतलेल्या सासूबाई दिसल्या. टेंभुर्णीची माणसं सांगितल्या दिवसाच्या आधी येतात, हे मी विसरलो होतो.

त्यांनी चारीत वाकून पाहिलं. "जावईबापू, नळ आला का?"

"येऊनच राह्यला," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी पाणी आलं. आधी फुसफुस झाली, मग गढूळ आलं, मग स्वच्छ. माईंच्या डोळ्यांसमोर सुमनने हंडा नळाखाली लावला. तो भरून वाहायला लागला तरी तिने तोटी बंद केली नाही. मलाही डोळे पुसावे लागले. (हात मुरमाने भरलेले होते, त्यामुळे ते आणखी वाहिले.) रात्री तिने मामांकडे पुरणपोळीचं ताट पाठवलं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सुमनने अर्ज दिला. 'गिरणीवाले दत्तात्रय यांचा कोणताही अर्ज त्यांच्या पत्नीने वाचून सही केल्याखेरीज स्वीकारण्यात येऊ नये.' अण्णांनी अनुमोदन दिलं, ठराव एकमताने मंजूर झाला. सरपंचताईंनी तर अर्जाच्या भाषेचं भर सभेत कौतुक केलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, कारण तो लिहून मीच दिला होता.