वीतभर उजेडाची पाटी

माझ्या बायकोच्या माहेरी, बाभुळगावजवळच्या खेड्यात, बैठकीच्या भिंतीवर दोन खिळे आहेत. एकावर सासऱ्यांचा फोटो, चंदनाच्या हारासकट. दुसरा खिळा मोकळा. तो सासूबाईंचा. फोटोच नाही तर टांगणार काय? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना जेवू घालतात तेव्हा माझा साळा पाटावर सासऱ्यांचा फोटो मांडतो आणि बाजूला आईच्या नावानं एक सुपारी ठेवतो. दरवर्षी ते पाहून बायको दारव्ह्याला परत येताना जीपमध्ये तोंड फिरवून बसते.

"माह्यी माय काय सुपारी होती काय?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की जीप कोणत्या वळणावर आली म्हणजे ते येईल हेही मला माहीत आहे. त्यानंतरचं वाक्यही पाठ. "अन् तुमचे बाबा एवढे मोठे फोटोवाले! सगळ्या तालुक्याचे फोटो काढले, माह्या मायचा एक नाई निघाला त्याइच्यानं."

बायकोचं चूकही नाही. माझे वडील दारव्ह्यातले फोटोवाले. त्यांचा स्टुडिओ मी चालवला, आता तिथं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो चालतात. माझ्या लग्नात बाबा नवरदेवाचे बाप होते आणि फोटोग्राफरही तेच. दुसऱ्या कुणाच्या हातात कॅमेरा द्यायला त्यांचा जीव धजला नाही. डोक्यावर फेटा, गळ्यात फ्लॅश, आणि पाहुणे पाया पडायला वाकले की हे म्हणणार, "तसेच राहा, हलू नका!"

तर त्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे आहेत. वाजंत्रीवाले आहेत, आचारी आहे, मांडवाच्या खांबाला बांधलेला बैलही आहे. सासूबाई नाहीत. त्यातलं अर्धं कारण रिवाजाचं. आमच्याकडे लेकीचं लग्न लागताना तिच्या मायनं पाहायचं नसतं. अक्षता पडत असतात तेव्हा ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसते. आणि उरलेलं अर्धं कारण सासूबाईंचं स्वतःचं. कॅमेरा दिसला की त्या पदर ओढून चुलीकडे पळायच्या. म्हणायच्या, "मले पाहून काय करता? तुमी एकमेकाइले पाहा."

अल्बम घरी आला तेव्हा नव्या सुनेनं धीर करून विचारलं होतं, "मामाजी, मायचा एकबी फोटो नाई?" बाबा खाली पाहत म्हणाले, "फिलम संपली होती, बाई." मला तेव्हाच ते खटकलं होतं. माझ्या बापाच्या पिशवीत दोन रीळ कायम जास्तीचे असत. पण बापाला खोटं पाडायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

पुढच्याच वर्षी बाबा गेले. त्यानंतर चार वर्षांनी सासूबाई गेल्या. मागे राहिलं ते मतदार ओळखपत्र. त्यावर माय आहे का ढग आहे, हे देवच सांगू शकेल.

यंदा आखाजीच्या तीन आठवडे आधी साळ्याचा फोन आला. बैठकीला रंग द्यायला काढला होता. "ताई, तो मोकळा खिळा काढून टाकतो. उगाच कायले ठेवायचा?"

बायको फोनवर अशी कडाडली, की शेजारीण भिंतीपलीकडून काय झालं म्हणून विचारती झाली. "आखाजीपावतर त्या खिळ्याले हात लावशीन तर याद राख!" फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "उठा. मामाजीची पेटी काढा."

बाबांच्या पेटीत निगेटिव्ह आहेत. लग्नांची पाकिटं पेटीत, आणि एका बिस्किटाच्या डब्यात सुटे तुकडे. रिळाची शेपटं, करपलेले, हललेले. बायकोचं म्हणणं एवढंच, की कोण्या तरी फोटोत कुठंतरी कोपऱ्यात माय असेल. मला आशा नव्हती. पण खिळा तर वाचवायचा होता.

आता निगेटिव्ह पाहायला मागून उजेड लागतो. आणि मी पडलो फोटोवाल्याचा पोरगा, मला कोण शिकवणार? मी मोबाइलचा पडदा पांढरा केला आणि त्यावर पट्टी ठेवली. भिंगातून पाहतो तर माणसांच्या तोंडावर लाल-हिरवे-निळे ठिपके. पडद्याचेच ठिपके ते. बायकोनं भिंगात डोकावून विचारलं, "साऱ्या वऱ्हाडाले गोवर झाला काय जी?"

दुसऱ्या दिवशी मी चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून छताला लावायचा चपटा एलईडी आणला. चांगला परातीएवढा. दुकानदार म्हणाला, "भाऊ, याच्यात अख्खी खोली उजळते." उजळली ना! पण मध्ये लख्ख आणि कडेला मळकट, आणि मोबाइलनं फोटो काढायला गेलो की पडद्यावर काळे पट्टे धावायचे. तो दिवा डोळ्याला दिसत नाही असा लुकलुकत होता. दोन दिवस मी पट्ट्यांशी झगडलो, एकदा रागानं दिवा उलटा करून भिंतीला टेकवला. ते पट्टे तर काही हटले नाहीत.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," बायको भाकरी थापताथापता म्हणाली. माझं नाव घेतलं नाही, पण स्वयंपाकघरात मी एकटाच होतो.

त्याच दोन दिवसांत मी बिस्किटाचा डबाही उपसला. जे तुकडे अगदी काळेकुट्ट दिसले ते वेगळे काढले. फ्लॅश जास्त पडला की निगेटिव्ह काळी होते, त्यातून काही निघत नाही, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. असे पंधरा-वीस तुकडे कचऱ्याच्या सुपलीत टाकले. बायकोनं ते उचलले आणि बडीशेपेच्या रिकाम्या डबीत भरले. मी चिडलो. "अवं, करपलेल्या आहेत त्या! काय लोणचं घालतं काय त्याइचं?"

"मामाजीच्या डब्यात तीस वर्षं राह्यल्या, तुमाले तीन दिवस दम नाई निघत?" ती म्हणाली आणि डबी देव्हाऱ्याखाली ठेवून दिली.

शेवटी मी नाक मुठीत धरून यवतमाळला असलेल्या आमच्या लेकीला फोन केला. तिनं आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, याच्यासाठी वेगळी पाटी मिळते. तीन गोष्टी पाहा. उजेड कडेपर्यंत सारखा पाहिजे. रंग खरे दाखवणारा पाहिजे, डब्यावर तो आकडा लिहिलेला असतो, पंच्याण्णवच्या वर असला म्हणजे झालं. अन् उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे, पण लुकलुकायला नको."

"अन् बॅटरीची पाह्यजे," बायको मागून ओरडली. "एप्रिल आहे, लाइनीचा काय भरोसा?"

मोबाइलवर आम्ही दोघं पाट्या पाहत बसलो. एक होती टेबलाएवढी, तिच्यावर माझं मन गेलं. दुसरी चित्र गिरवायची, पातळ, स्वस्त. लेकीनं सांगितलं की तिचा उजेड फिका, गडद निगेटिव्हच्या पार जाणार नाही. तिसरी जेमतेम वीतभर, पण चांगली जाड आणि आत बॅटरी. मी म्हणालो, "एवढीशी? एवढ्याशा पाटीवर काय दिसणार?"

"तुमच्या बाबाचा कॅमेरा काय बैलगाडीएवढा होता?" बायको म्हणाली. "निगेटिव्ह बोटभर. तिले परात कायले पाह्यजे?"

तीच मागवली. पाच दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन आला, की घर सापडत नाही, बसस्टँडवर येऊन घेऊन जा. बाबांच्या काळापासून घर अन् स्टुडिओ त्याच जागी आहे, पण जाऊ द्या. आणली.

आणि बापा, काय उजेड! दुधावरच्या सायीसारखा, या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा. बाबांचं फोटो मोठे करायचं जुनं एन्लार्जर माळ्यावर पडलं होतं, त्याचा दांडा मी उतरवला आणि वर मोबाइल बांधला, म्हणजे हात हलायची भानगड नाही. काळ्या पुठ्ठ्याला निगेटिव्हच्या मापाची खिडकी कापली, कारण बाजूनं उजेड डोळ्यात आला की मधलं सगळं फिकं पडतं. पुठ्ठा कापताना मला बाबांची आठवण झाली. लहानपणी मी एकदा पट्टीतून एक फोटो कापून काढला होता तेव्हा त्यांनी कानाखाली काढली होती. "पट्टी तोडायची नाही! एकटा फोटो कापला की तो हरवलाच समज." तेवढी एकच मारलेली मला आठवते.

दुपारी खिडक्यांना चादरी लावून आम्ही बसलो. लग्नाचं पाकीट सगळं पाहिलं. मोबाइलवर रंग उलटवले की नारिंगी पट्टीतून खरी माणसं बाहेर यायची. बायकोची लाल साडी आली, माझ्या मिशा आल्या. बायको त्या मिशांना इतकी हसली, की पाटी हलली. पण माय नव्हती. मग डब्यातली शेपटं पाहिली. त्यातही नव्हती. मधेच लाइन गेली, कूलर बंद पडला, घाम निगेटिव्हवर पडेल म्हणून मी कपाळाला टॉवेल बांधला. पाटी मात्र बॅटरीवर चालूच होती.

"झालं," मी म्हणालो. "संपलं सगळं." मला खरंच वाईट वाटत होतं. ती उठली आणि देव्हाऱ्याखालची बडीशेपेची डबी घेऊन आली.

वाद घालायची माझी हिंमत नव्हती. मी उजेड पार शेवटापर्यंत चढवला आणि काळे तुकडे एकेक करून पुठ्ठ्याच्या खिडकीत ठेवू लागलो. पहिला नुसता काळा. दुसऱ्यात कुणाचा तरी गुडघा. सातव्या की आठव्या तुकड्यावर मी सवयीनं हात पुढं केला, तोच बायकोनं माझं मनगट धरलं.

"थांबा."

मला काही दिसत नव्हतं. काळ्यात काळं काहीतरी गोल, आणि आजूबाजूला उभ्या रेघा. "काय आहे?"

"माय हाय," ती म्हणाली.

मी मोबाइलचं बटण दाबलं. रंग उलटे झाले. त्या उभ्या रेघा म्हणजे तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड, मागच्या अंगणाचा. दोन्ही कोपरांनी तुराट्या फाकवून कुणीतरी त्यातून बाहेर पाहत होतं. डोक्यावरचा पदर कुडात अडकून मागे पडला होता. एका हातात तुळशीच्या पाण्याचा तांब्या तसाच होता, दुसऱ्या मुठीतून तांदूळ सांडत होते. फ्लॅश फार जवळून पडल्यामुळे चेहरा जरा जास्तच उजळ आला होता, पण चेहरा पुरा होता, नाकातल्या खड्यापर्यंत. आणि सासूबाई हसत होत्या. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या मांडवाकडे पाहत होत्या.

बायको एकदम हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. "पाह्यलं तिनं! अवं माय, माह्यं लगन पाह्यलं तिनं! मले वाटे, बिचारी तुळशीपाशी बसली असंन. चोरून पाहून राह्यली होती!"

तुकड्याच्या कडेला आकडा होता, सतरा. मी लग्नाचं पाकीट परत उघडलं. एका पट्टीचे दोन तुकडे होते, ते मी आधीही पाहिले होते आणि लॅबवाल्यानं कापले असतील म्हणून सोडून दिले होते. एकाच्या शेवटी सोळा. दुसऱ्याच्या सुरुवातीला अठरा.

म्हणजे बाबांनी कापला. पट्टी तोडली म्हणून मला कानाखाली देणाऱ्या माणसानं स्वतः कात्री चालवली. तो फोटो लॅबमधून अल्बमात गेला असता तर साऱ्या गावानं पाहिला असता, की मुलीच्या मायनं रिवाज मोडला. पुढं संसारात काही कमी-जास्त झालं असतं तर बोल तिलाच लागला असता. आणि रुसायचा पहिला मान कुणाचा, तर नवरदेवाच्या बापाचा. त्या बापानं जवळ जाऊन फोटो काढला, मग तो पट्टीतून काढून करपलेल्यांत लपवला, आणि सुनेला सांगितलं, फिलम संपली होती. फेकून मात्र दिला नाही.

"मामाजी खोटं बोलले माह्याशी," बायको डोळे पुसत म्हणाली.

"हो."

"अन् मी तीस वर्षं त्याइले बोल लावला."

मला बापाचा फार अभिमान वाटत होता. मी विचारलं, हा फोटो भिंतीवर लावायचा म्हणजे आता सगळ्यांना कळेल, चालेल काय?

"कळू द्या ना. तीस वर्षं संसार झाला, कोणाचं काय बिघडलं? तुमच्या मिशा तेवढ्या गेल्या."

आखाजीला आम्ही सकाळच्याच जीपनं गेलो, फोटो बायकोच्या मांडीवर. साळ्यानं कागद सोडला आणि फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग नव्या रंगाच्या भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला हात लावून तो हलत नाही ना, हे त्यानं दोनदा पाहिलं. पाटावर सासऱ्यांच्या बाजूला या वर्षी सासूबाई बसल्या, तुराट्या फाकवून, हसत. गावातल्या दोन म्हाताऱ्या नैवेद्याला आल्या होत्या. एकीनं वाकून फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अवं माय! मी इले शंभरदा म्हणत होती, तिकडं पाहू नको!"

सवयीनं साळ्यानं सुपारीही काढून ठेवली होती, पाटाच्या कडेला. बायकोनं ती उचलली, अडकित्त्यानं चार तुकडे केले, एक माझ्या हातावर ठेवला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला.

"खा," ती म्हणाली. "आता हे निस्ती सुपारी हाय."