डोंगराचं माप घेणारी
बस कंडक्टर दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला तेव्हा टेलरताई शाळेच्या गणवेशाला काजं करत बसल्या होत्या. आत येण्याआधी तो नेहमी हाक मारायचा. आज मारली नाही.

"ताई, आपला डोंगर गेला. पहाटे."

ताईंनी हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला, सुई उशीत खोचली आणि मग त्यांचा बांध फुटला. कंडक्टर स्टुलावर बसून राहिला. धीर द्यायला तो आला होता खरा, पण त्याचाच रुमाल चिंब झाला.

डोंगर म्हणजे त्या शहराचा कुस्ती चॅम्पियन. रिंगणातल्या या कुस्तीत कोण कधी पडणार हे आधी ठरलेलं असतं, आणि बघणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. तरी डोंगर दोन्ही हात पसरून रिंगणात उभा राहिला की अख्खा हॉल खुर्च्यांवर चढायचा. रुंद छाती, जाडजूड मान आणि लहान मुलासारखं हसू. त्याच्या चाहता मंडळाचा प्रमुख होता हा कंडक्टर. कुस्तीच्या दिवशी सुट्टी मिळावी म्हणून वर्षभर तो दुसऱ्यांच्या ड्युट्या करायचा. आणि डोंगराचे पोशाख शिवायच्या टेलरताई. सव्वीस वर्षं, एकट्या त्याच.

ताईंनी त्याची कुस्ती कधी बघितली नाही. मारामारी बघवत नाही म्हणायच्या. पण त्याचं अंग त्यांना पाठ होतं. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, पाठीत उजवीकडे एक खळगा. पहिल्या भेटीत छातीला फीत पुरली नव्हती, तेव्हा त्यांनी दोन फिती जोडल्या. डोंगर घाबरून म्हणाला होता, "ताई, कापड तरी पुरेल ना?" तेव्हापासून ती दोघं दादा-ताई झाली.

दोन वर्षांपूर्वी माप उतरायला लागलं. आधी दोन इंच, मग आणखी तीन. ताईंनी फीत पुन्हा लावून बघितली.

"दादा, जेवताय ना नीट?"

"जेवतोय. पण आतला पाहुणा माझ्याआधी ताटावर बसतो," तो म्हणाला, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्याने शर्टाची बटणं लावता लावता सांगितलं. मग थोडा वेळ तो आरशात बघत राहिला. "लोक वर्षातून चारदा डोंगर बघायला येतात, ताई. काठी बघायला कोण येईल? काहीतरी करा. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे."

ताईंनी आठ दिवस विचार केला. मग कामाला लागल्या. उघड्या दंडांचा जुना पोशाख बाजूला ठेवून त्यांनी पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंतचा निळा पोशाख शिवला. आत खांद्यांवर, दंडांवर, पाठीत स्पंज आणि कापसाचे थर. उचलाउचलीत ते सरकू नयेत म्हणून बारीक टीप मारली, आणि टिपा दिसू नयेत म्हणून वरून सोनेरी पट्ट्या लावल्या. लोकांना वाटलं, डोंगराचा नवा अवतार. पुढच्या कुस्तीला निम्मा हॉल निळे शर्ट घालून आला. दर कुस्तीआधी एक थर वाढत गेला. शेवटच्या पोशाखाची काखेतली शिवण उसवली म्हणून तो दुरुस्तीला ताईंकडे आला, आणि न्यायला डोंगर आलाच नाही.

रविवारी सकाळी त्याच हॉलमध्ये चाहत्यांनी शोकसभा ठेवली. कंडक्टरने निरोप धाडला होता, शेवटचा पोशाख आणा, मंचावर लावू. ताई लवकर पोहोचल्या. हॉल झाडून झाला होता, खुर्च्या मांडणं चालू होतं. कंडक्टरने पिशवीतून पोशाख काढला, हँगरवर चढवायला गेला आणि थबकला. त्याने खांदा दाबून बघितला. मग बाही. मग आत हात घालून पाठ चाचपली.

"ताई, हे काय?"

खोटं बोलणं ताईंना कधी जमलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कंडक्टर मंचाच्या कडेवर बसला, पोशाख मांडीवर घेऊन.

"शेवटच्या कुस्तीनंतर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचलो होतो," तो म्हणाला. "हलका लागला. मला वाटलं, आनंदाने माझ्याच अंगात जोर आलाय. घरी जाऊन बायकोला फुशारकी मारली मी."

"लोकांना कळलं तर काय म्हणतील?" ताईंनी विचारलं.

"सांगायचं की नाही, ते माझ्या हातात नाही. वहिनींना विचारू."

डोंगराची बायको पहिल्या रांगेत येऊन बसली होती. कंडक्टरने तिच्या कानाशी लागून विचारलं. तिने पोशाखाकडे बघितलं, मग ताईंकडे. "ज्यांनी शिवलंय त्यांनीच सांगावं," एवढंच म्हणाली.

सभा सुरू झाली. एक नर्स उठली. तिच्या वॉर्डात डोंगर दर महिन्याला यायचा आणि लहान पेशंटांशी पंजा लढवून मुद्दाम हरायचा. त्याचं चित्र हातगाडीवर रंगवून घेतलेला एक म्हातारा बोलायला उभा राहिला आणि हात जोडून खाली बसला. कुणी म्हणालं, नोकरी गेली त्या वर्षी मी फक्त डोंगराच्या चार कुस्त्यांसाठी जगलो. आणि जवळजवळ प्रत्येकजण शेवटी म्हणत होता, काय खांदे होते, शेवटपर्यंत काय खांदे होते!

कंडक्टरने ताईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्या. माईक त्यांना जरा उंच पडला.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही खांदे म्हणताय ते शेवटची दोन वर्षं मी शिवलेले होते. आत कापूस होता. दादा फार आजारी होते. तुम्हाला कळू नये म्हणून त्यांनी माझ्याकडून ते करून घेतलं. आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा."

मागून एक तरुण चिडक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे शेवटी विंचवाला डोक्यावर उचललं, तेही खोटंच?"

विंचू म्हणजे डोंगराचा ठरलेला शत्रू. वीस वर्षं या लोकांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, एकदा तर चप्पलही फेकली होती. तो अगदी मागच्या दाराशी, जायच्या तयारीतच उभा होता. आता पुढे आला. जवळून बघितला तर गुडघे दुखणारा, चष्मा लावणारा साधा माणूस.

"कापूस मला पहिल्याच पकडीत लागला होता," तो म्हणाला. "मी त्याच्या कानात म्हटलं, आज उचलायचं राहू दे. तर म्हणतो, गप बस आणि वर ये. मी उडी मारली, अर्धं वजन मीच उचललं म्हणा. बाकीचं अर्धं त्याने उचललं. कशाच्या बळावर, ते त्यालाच माहीत. खाली ठेवताना त्याचे हात लटपटत होते, पण मला त्याने आपटलं नाही."

नर्सने टाळी वाजवली, मग म्हाताऱ्याने, आणि हॉलने त्या दिवशी प्रथमच विंचवासाठी टाळ्या वाजवल्या. सवयीने त्याने मूठ उगारली आणि लोक रडता रडता हसायला लागले.

सभा संपल्यावर ताई चपला शोधत होत्या, तेव्हा डोंगराची बायको शेजारी येऊन उभी राहिली. "एकाच वाटेने जायचंय आपल्याला," ती म्हणाली. वखारीच्या वळणावर ताईंना राहवलं नाही.

"वहिनी, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी कुस्ती सोडली असती. अजून काही महिने मिळाले असते का हो?"

"डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही." ती चालतच होती. "मला पोशाख तेव्हाच कळला होता, ताई. धुवायला मीच काढायचे. फार राग आला होता तुमचा. एकदा तुमच्या दुकानापर्यंत भांडायला आले होते, पण तुम्ही गिऱ्हाइकात होता. परत गेले."

"यायचं होतं. मी ऐकून घेतलं असतं."

"काय ऐकून घेतलं असतं? कुस्तीहून आला की दोन दिवस अंथरुणावर पडून असायचा, पण त्या दोन दिवसांत माझ्याशी किती बोलायचा. कोण कुठे बसलं होतं, कोण ओरडलं. बाकीचे दिवस भिंतीकडे तोंड." ती थांबली. "राग अजून आहे थोडा. तो जायचा नाही इतक्यात."

"राहू दे," ताई म्हणाल्या.

पुढे चढ होता. डोंगराच्या बायकोला धाप लागायला लागली, तेव्हा ताईंनी तिच्या हातातली फुलांची पिशवी घेतली. तिने ती घेऊ दिली.