मिस्साची वाइन
आंबू लागलेल्या द्राक्षांचा वास आला की मला वटारची आमची वाडी आठवते. तेव्हा मी नवी सून होते. आजेसासऱ्यांच्या काळात या वाडीतली वाइन चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जायची, पण पुढे द्राक्षांचा मांडव मोडला आणि तिथे केळी आली. कुंपणाशी उरलेल्या एका जुनाट वेलापासून सासऱ्यांनी पुन्हा मळा उभा केला. दारूबंदीतही मिस्साच्या वाइनला परवानगी मिळाली, पण पहिल्या दोन्ही खेपांचा शिरका झाला. "या वेळीही बिघडली तर वेल उपटून टाकतो," सासरे म्हणाले होते. फादर वाइन चाखायला आले, तेव्हा सासरे तोंड फिरवून उभे राहिले आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. फादरांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "रविवारच्या मिस्साला हीच पाठवा." सासरे मटकन ओट्यावर बसले आणि हसतच सुटले. "अगं, त्याला सांग जा!" सासूबाई ओरडल्या. माझा नवरा वाडीच्या टोकाला केळींना पाणी लावत होता. नव्या सुनेची सारी रीत विसरून, पदर कमरेला खोचून मी पाटाच्या चिखलातून ओरडत धावले, "झाली! वाइन झाली!" आता काठी टेकत चालते, पण तरुणपणीही तितक्या जोरात मी पुन्हा कधी धावले नाही.