चेहरा चढण्याआधी

राजघराण्यातल्या माणसांना चित्रकारासमोर बसायला सवड नसते. ती फक्त चेहरा देतात. बाकीचं अंग दुसऱ्याच कुणाचं. व्हिएन्नाच्या राजवाड्यात धाकट्या राजकन्येचं अंग म्हणजे कपडेखान्यातली बुर्गल. बांधा तोच, उंची तीच, आणि गप्प बसायची सवय राजकन्येहून कितीतरी जास्त.

त्या हिवाळ्यात, नाचाच्या मोसमात, अख्ख्या दरबाराला तुर्की सोंगाचं वेड लागलं होतं. ज्यांचे आजोबा तुर्कांच्या धास्तीने घरदार टाकून पळाले, त्यांच्या नाती आता सलवारी घालून मिरवत होत्या. राजकन्येलाही तसबीर त्याच वेषात हवी होती. म्हणून बुर्गल रोज हिरवा रेशमी झगा घालून गालिच्यावर बसायची. बाह्यांना पांढऱ्या फरची किनार, कमरेला शेला. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरायचा, रंगांतल्या जवसाच्या तेलाचा वास दाटायचा, आणि तिला उघड्या डोळ्यांनी झोप लागायची.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा आई सूप पिता पिता थांबली.

"हिरवा?"

"हिरवा."

"आणि बाहीला पांढरं मऊ मऊ?"

"तुला गं कसं ठाऊक?"

आईने वाडगा बाजूला सारला. क्रिस्तियाना हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. त्याआधीचं तिलाच माहीत नव्हतं. तुर्कांच्या हातून हंगेरीतलं बुडा शहर गेलं तेव्हा ती पाच-सहा वर्षांची पोर होती. कुण्या अधिकाऱ्याने तिला उचलून व्हिएन्नाला आणलं, नाव दिलं आणि भांडी घासायला लावलं. गल्लीत अजून तिला तुर्कीण म्हणत, म्हणून ती चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी जाऊन बसे. जन्मदात्या आईची एवढीच आठवण तिच्यापाशी उरली होती: हिरवी बाही, पांढरी किनार, एक हात. चेहरा काही केल्या आठवत नसे. साठी उलटली तरी ती त्यासाठी रडायची आणि वर कांद्याचं निमित्त सांगायची.

"चल ना बघायला," बुर्गल म्हणाली. "गुरुवारी राजकन्या येणार. एकदा तिचा चेहरा चढला की मग ती तिचीच तसबीर."

"मला कशाला दाखवतेस ती सोंगं? जन्मभर तेच अंगावरून खरवडून काढलं मी."

पण बुधवारी सकाळी काळी शाल गुंडाळून ती दारात उभी होती. "नुसतं बघायचं हं. कुणाला काही सांगायचं नाही."

राजवाड्यात पोचल्यावर बुर्गलने वेष चढवला आणि आईला चित्रकाराच्या खोलीत नेलं. पेश्ल हा चित्रकार कुरकुऱ्या, पण मनाने बरा. "आजी, हात लावू नका, ओलं आहे," एवढंच म्हणून तो रंग घोटत बसला.

तसबीर पुरी होत आली होती. झगा, शेला, मांडीवर टेकलेले बुर्गलचे हात. मानेच्या वर मात्र नुसता मातकट रंग. आई तिच्यापुढे कितीतरी वेळ उभी राहिली.

"अशीच," ती म्हणाली. "स्वप्नात मला अशीच दिसते. इथवरच."

बुर्गलला वाटलं, उगाच आणलं हिला. खपली निघाली आणि हाती काहीच लागलं नाही. आई जायला वळली, तेव्हा तिच्या जोड्याची फीत सुटून जमिनीवर लोळत होती. पडेल म्हणून बुर्गल आहे त्या वेषात खाली बसली. हिरवी बाही पुढे झाली, पांढऱ्या किनारीतून हात बाहेर आला आणि फीत बांधू लागला.

"माझे जोडे बांधत होती ती," वरून आईचा आवाज आला, अगदी हळू. "पळायचं होतं. घाईत होती. वर बघितलंच नाही तिने."

मग दोन खरखरीत बोटं बुर्गलच्या हनुवटीखाली आली आणि त्यांनी तिचा चेहरा वर उचलला. आईने तो डोळे भरून पाहिला. कपाळ, भुवया, नाक, एकेक करून. रंग घोटायचा आवाज केव्हाच थांबला होता.

"किती वेळ खाली बघत होतीस गं," आई म्हणाली.