दुसरी सही

धंद्यात सगळे तिला ‘तिखट’ म्हणत, आणि ती होतीच तशी. लोखंड कापणारी यंत्रं चालवायचं सॉफ्टवेअर तिने लिहिलं आणि कुणालाही वापरायला, बदलायला मोकळं ठेवलं. शेकडो कारखाने त्यावर चालत. एक कंपनी आपली पगारी माणसं मदतीला देई. त्यांच्याशी कडाकडा भांडून तिने नियम घातला होता: कारखान्यांना जाणाऱ्या मूळ प्रतीत दोघांच्या सहीशिवाय एक ओळही बदलायची नाही. एक सही तिची, दुसरी कंपनीची.

मग कंपनीने अंग काढून घेतलं. त्याच आठवड्यात तिला चूक सापडली. थांबवायचं बटण दाबूनही पातं कधीकधी दोन सेकंद फिरतच राहत होतं. दुरुस्ती तिने तासाभरात लिहिली, सही केली आणि दुसऱ्या सहीची वाट बघत बसली. अकरा दिवस. नियम बदलायचा अधिकार तिचाच होता, पण आपणच घातलेला नियम मोडायचा म्हटलं की तिचा ताठा आडवा येई.

बाराव्या दिवशी भरदुपारी दार लाथेने उघडलं. एक यंत्रचालक गज घेऊन आत घुसला. त्याच्या शर्टावर रक्त वाळलेलं होतं. पहिल्या फटक्यात स्क्रीन फुटली. दुसरा अडवायला तिने डावा हात घातला, तो मनगटात काडकन मोडला.

“माझ्या भावाची चार बोटं गेली,” तो म्हणाला. “बटण दाबलं होतं त्याने. तुला माहीत होतं?”

“होतं. दुरुस्ती तयार आहे. दुसऱ्या सहीसाठी थांबले.”

“कुणाच्या?”

“जे आता येणार नाहीत, त्यांच्या.”

त्याने गज उगारला. ती हलली नाही. स्वतःचीच इतकी चीड आली होती की फटका बसला असता तर तिला बरंच वाटलं असतं. गज भिंतीवर आदळला, गिलाव्याचा पोपडा खाली आला.

उजव्या हाताने तिने लॅपटॉप पुढे ओढला, कंपनीचं नाव खोडलं आणि त्याचं विचारलं. “यंत्राला आज्ञा तूच लिहितोस ना? मग वाच. चुकलं असेल तर हाही फोड.”

तो उभ्यानेच वाचू लागला. “पात्यावरचं झाकण उघडं असलं तर?” त्याने विचारलं.

ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. दात आवळून तिने एका हाताने दोन ओळी घातल्या. त्याने सही केली आणि दुरुस्ती सगळ्या कारखान्यांना गेली.

वीस मिनिटांत झालं सगळं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, गज खाली टाकला आणि ढसाढसा रडू लागला.