वाटाण्याएवढी पेस्ट

मी लग्नांच्या फिल्म बनवते. म्हणजे कॅमेरावाले दोन दिवस लग्नात फिरून जे काही टिपून आणतात, त्यातून बघण्यासारखं तेवढं निवडायचं, ओळीनं लावायचं, आवाज आणि गाणी बसवायची, हे माझं काम. लग्नानंतर काही वर्षं दुर्गच्या एका फोटो स्टुडिओत जाऊन शिकले आणि मग घरीच टेबल मांडलं. भिलाईत सेक्टर 2 मधल्या आमच्या क्वार्टरचा पुढचा व्हरांडा बंद करून खोली केली आहे, तिथे माझा कॉम्प्युटर असतो. नवरा स्टील प्लांटमध्ये आहे. सासरेही तिथेच रोलिंग मिलमध्ये होते, मशीनच्या देखभालीवर. आता निवृत्त आहेत आणि सकाळचा पेपर माझ्याच खोलीत वाचतात, कारण कूलरची हवा तिथे सगळ्यात चांगली येते.

त्या मे महिन्यात जवळच्या कुम्हारी गावातल्या एका मुलीचं लग्न माझ्याकडे आलं होतं. लग्न नागपूरला झालं, मुलाकडे. मुहूर्ताच्या आठवड्यातच मुलीची आई न्हाणीघरात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. तारीख पुढे ढकलू नका, असं तिनंच सगळ्यांना बजावलं आणि पोटची पोर बोहल्यावर चढली तेव्हा ती दवाखान्यात पाय बांधून पडली होती. मोबाईलवर दाखवायचा प्रयत्न झाला, पण हॉलमध्ये रेंज नव्हती. नंतर मुलगी स्वतः माझ्याकडे आली. कुम्हारीत रिसेप्शन ठेवलं होतं, तिथे आईला चाकाच्या खुर्चीवरून आणणार होते आणि पडद्यावर फिल्म दाखवणार होते.

"काकू, आई एकाही फोटोत नाहीये," ती म्हणाली. "पण फिल्म ऐसी बनाना, की तिले वाटलं पाहिजे, ती तिथंच होती."

मी कामाला लागले. एरवी ड्रोनमधून घेतलेला हॉल, नवऱ्या मुलाची घोड्यावरची वरात, असलं लोकांना आवडतं. इथे मी आई काय शोधेल ते शोधत बसले. मुंडावळ्या कोणी बांधल्या, मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या पाठीशी कोण उभं होतं, निऱ्या नीट होत्या का, दिवसभराच्या धावपळीत पोर जेवली का. असं काही कॅमेरावाले मुद्दाम टिपत नाहीत. कुठल्यातरी कोपऱ्यात दोन क्षण सापडतात. ते वेचून मी फिल्म लावली. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं.

मग सगळे तुकडे जोडून एक सलग फिल्म तयार करायचं शेवटचं काम सुरू केलं. यात कॉम्प्युटर स्वतःच राबतो, आपण नुसतं बघायचं असतं. अर्ध्यावर गेला आणि पंखा असा भणाणला की सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. मग खटकन बंद. पुन्हा लावला, पुन्हा अर्ध्यावर बंद. रिसेप्शन दोन दिवसांवर आलं होतं.

नवरा म्हणाला, दुकानात देऊन टाक. पावर हाउसच्या बाजारात जिथे मागच्या दिवाळीत साफ करून घेतला होता तिथे फोन केला. उन्हाळ्यात सगळ्यांचेच बिघडतात, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू, असं उत्तर आलं. मी फोन ठेवला आणि विचार केला, पंखा भणाणतो म्हणजे आत काहीतरी तापतंय. आतलं तापमान दाखवणारा एक प्रोग्राम मिळतो, तो टाकला. काम सुरू केल्याबरोबर आकडा चढत चढत शंभराजवळ गेला आणि पुन्हा अंधार. म्हणजे हार्ड डिस्क ठीक होती, फिल्मही ठीक होती. प्रोसेसर तापून स्वतःला वाचवायला बंद होत होता.

मी प्लग काढला आणि कॉम्प्युटरचा डबा उघडला. मी स्वतः तो आजवर कधी उघडला नव्हता. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा धातूच्या पट्ट्यांचा एक गठ्ठा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. त्याला हीटसिंक म्हणतात. चार स्क्रू काढून तो उचलला. खाली पांढरी पेस्ट होती, पण ती पेस्ट राहिलीच नव्हती. भिंतीच्या जुन्या चुन्यासारखे तिचे पोपडे झाले होते. कडेला थर आणि मधोमध, जिथे खरी गरज, तिथे उघडा धातू.

सासरे जवळ येऊन उभे राहिले होते. "हे कायचं आहे?"

मी त्यांना सांगितलं. दोन्ही धातू दिसायला गुळगुळीत असले तरी त्यांच्यात बारीक फटी असतात, फटीत हवा अडकते आणि हवेतून उष्णता पुढे जात नाही. ती फट भरायला ही पेस्ट. हे सगळं मी तासाभरापूर्वीच इंटरनेटवर वाचलं होतं, पण सांगताना माझा आवाज पक्का होता.

दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन स्कूटी काढली आणि पावर हाउस गाठलं. सुट्या भागांच्या दुकानात गेले. थर्मल पेस्ट मागितली तर दुकानदारानं आधी एक पांढरी पुडी काढली. तीच, जी माझ्या कॉम्प्युटरात पोपडे होऊन बसली होती. ती नको म्हटल्यावर त्यानं आतून एक चकचकीत पाकीट आणलं. द्रवरूप धातू होता त्यात, पाऱ्यासारखा. गेम खेळणारी मुलं हाच नेतात, तापमान सगळ्यात कमी ह्याच्यानंच राहतं, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. पेस्टची तुलना करणाऱ्या, मी वाचलेल्या प्रत्येक तक्त्यात तोच वर होता.

"भाभीजी, इससे ऊपर कुछ नहीं है," तो म्हणाला. "आँख बंद करके ले जाओ."

मी डोळे उघडे ठेवूनच आले होते. माझ्या हीटसिंकच्या तळाचा फोटो मोबाईलमध्ये काढून आणला होता. त्याला दाखवला आणि विचारलं, हे काय आहे, तांबं की ॲल्युमिनियम? त्यानं फोटो मोठा करून पाहिला. ॲल्युमिनियम, म्हणाला. मग मी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. हा धातू ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो, तिथे वापरू नका, असं त्यावरच छापलेलं होतं. शिवाय त्याच्यातून वीज वाहते. एक थेंब बाजूला सांडला तर सगळा बोर्ड जायचा. दुकानदार भला माणूस होता. हे मी कुणाला विचारतच नव्हतो, आता विचारेन, असं हसून म्हणाला.

मग आम्ही दोघांनी मिळून शोधलं. मला दाट पेस्ट हवी होती. पातळ पेस्ट तापली-निवली, तापली-निवली की हळूहळू कडेला सरकते, आणि आमच्याकडे मे महिन्यात खोलीच इतकी तापलेली असते की मशीनला निवायला जागा कुठे. वीज न वाहणारी हवी होती. आणि दुकानात वर्षानुवर्षं पडलेली नको होती. शेवटी राखाडी रंगाची एक ट्यूब मिळाली. तक्त्यांत ती मधेच कुठेतरी होती. जगातली सगळ्यात चांगली नसेल, पण माझ्या मशीनसाठी, माझ्या खोलीसाठी आणि भिलाईच्या उन्हाळ्यासाठी तीच बरोबर होती. ती निवड माझी होती. परत येताना मेडिकलमधून जुनी पेस्ट पुसायला स्पिरिट घेतलं.

घरी येऊन दोन्ही बाजू कापडानं पुसून चकचकीत केल्या. सासरे टॉर्च धरून बसले. मी मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि ट्यूबला झाकण लावलं. ते म्हणतील, एवढीशी कावून? म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "जास्त लावली तर उलट जास्त तापेल, मामाजी."

"मले सांगून राहिली काय तू," ते म्हणाले. "बेअरिंगमधी ग्रीस ठासून भरलं का बेअरिंग थंड नाही होत, अजून तापते. नव्या पोरायले हेच समजत नाही."

मी हीटसिंक बसवला, स्क्रू कसले, कॉम्प्युटर लावला. आकडा हळू चढला. पण चढतच राहिला. नव्वदच्या घरात गेला तेव्हा मी स्वतःच बंद केला. पेस्ट चुकली, असंच वाटलं. नवरा फोनवर म्हणाला, आता हात नको लावू.

पण पुन्हा उघडून बघितल्याशिवाय कळणार कसं? हीटसिंक उचलला. पेस्टचा ठसा तळावर स्पष्ट उमटला होता. एका बाजूला पसरून पातळ झालेली, दुसऱ्या बाजूला जाड तशीच. पेस्टमध्ये काही चूक नव्हती. हीटसिंक तिरपा बसला होता. मी ठसा सासऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"तू एका बाजूनं कसत गेली, मी पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "मले वाटलं, याच्यात तसंच असन. आमने-सामने घे. याले थोडं, मग त्याच्या समोरच्याले थोडं. पायपाच्या जोडावरच्या फ्लँजचे बोल्ट आमी असेच कसाचो."

सगळं पुसलं, नवी पेस्ट ठेवली. कोपऱ्यातला एक स्क्रू थोडा, मग त्याच्या तिरक्या समोरचा. ते बोटानं दाखवत गेले, मी फिरवत गेले. लावला. आकडा सत्तरच्या आसपास गेला आणि तिथेच थांबला. फिल्म अर्ध्यावर आली, अर्धं ओलांडलं. पंखा चालू होता, पण आता तो भणाणत नव्हता. दिवेलागणीला फिल्म तयार होती. आम्ही दोघांनी ती तिथेच पूर्ण बघितली. सासरे एकदाही उठले नाहीत. संपल्यावर त्यांनी विचारलं, "तिची आई कधी पाहीन हे?"

"परवा," मी म्हटलं.

"मंग मीबी येतो."

रिसेप्शनला आम्ही तिघं कुम्हारीला गेलो. मुलीच्या आईची खुर्ची पडद्यासमोर अगदी पुढे ठेवली होती. फिल्म सुरू झाली तसे लोक बोलत, खात होते. ती पडद्यावरची नजर काढत नव्हती. मुंडावळ्या बांधणारी तिची धाकटी बहीण होती. ते दिसल्यावर तिनं बाजूला बसलेल्या बहिणीचा हात धरला. मंगलाष्टकं झाली. मग पंगतीत मुलगी हातात घास घेऊन कुणाशीतरी हसतेय असा एक तुकडा आला, आणि ती माउली पदरात तोंड घालून रडली. संपल्यावर तिनं मला बोलावून घेतलं. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "जेवली होती म्हणजे ती."

"पोटभर जेवली," मी म्हटलं.

जेवणाच्या टेबलाशी सासऱ्यांना त्यांच्या मिलमधले एक जुने सोबती भेटले. फिल्म कोणी केली, त्यांनी विचारलं. मी पाठीमागेच ताट घेऊन उभी होते.

"आमच्या सूनबाईनं," सासरे म्हणाले. "मशीन बंद पडली होती. तिनं सोता खोलली, पेस्ट निवडून आणली, बसवली. दुकानवाल्याचं नाही ऐकलं." स्वतःबद्दल ते काही बोलले नाहीत.

मी पुढे झाले आणि म्हटलं, "आणि स्क्रू कसे कसायचे ते कोणी दाखवलं, तेही सांगा ना, मामाजी."

ते ताटाकडे बघत हसले. एरवी कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की मी "काही नाही हो, थोडंसं" असं म्हणून विषय बदलते. त्यांचे सोबती माझ्याकडे वळून म्हणाले, फार छान केलंत. मी म्हटलं, हो, छान झालंय.