दगडी बँकेतली घोंगडी

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत एका हॉटेलात कामाला आहे. साधंसुधं हॉटेल नव्हे. शहराच्या ऐन मधोमध शंभर वर्षांची दगडी बँक होती. ती पाडायच्या ऐवजी आतून नटवली आणि हॉटेल केलं. बुटीक हॉटेल म्हणतात त्याला. तिजोरीच्या खोलीत बसून लोक नाश्ता करतात म्हणे. करू देत बापडे, माझं काय जातंय!

पण मालकांना भिंतीवर हातानं केलेल्या वस्तू पाहिजे होत्या, आणि आमच्या या धाकट्या साहेबांना तेवढ्यापुरती माय आठवली. लिंबागणेशजवळ आमचं गाव. तिथं आला आणि म्हणाला, "आक्का, मायच्या हातची घोंगडी पायजे. दारातून आत आलं की समोरच लावतो, खाली मायचं नाव."

आम्ही धनगर. मायची नजर तेव्हाच अधू झालेली, तरी ती हौसेनं जमिनीतल्या मागाच्या खड्ड्यात विणायला उतरली. लोकर मी कातली, चिंचोक्याची खळ मी लावली. शेवटचा हातभर तर मीच विणला, कारण तिला धागा दिसेना. मग ती घोंगडी अंथरून आम्ही तिघं वर बसलो. आमच्यात घोंगडीवर बसून दिलेला शब्द पुन्हा कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे अपमान. त्यानं शब्द दिला: नाव लागेल, आणि वर्षाच्या आत मायला तिथं नेऊन दाखवीन.

"दिसंल तेवढं बगीन," माय म्हणाली, "न्हाई तर हात लावून यीन."

वर्ष गेलं. दुसरंही निम्मं सरलं. त्याचा फोन आला की कधी व्हिसाचं निमित्त, कधी कामाचं. मी एकदाही टोकलं नाही. मूर्ख मी!

परवा दुपारी माझ्या लेकीनं मोबाईलवर त्या हॉटेलचे फोटो शोधून काढले. काचेच्या चौकटीत आमची घोंगडी, खाली पितळेची पाटी. ती वाचायला लागली आणि थांबली. वाच की गं, म्हटलं. तिनं हळूच मराठीत सांगितलं: मेंढपाळांच्या घराण्यातल्या शेवटच्या विणकरणीची ही शेवटची घोंगडी. हॉटेल उघडायच्या आधीच ती वारली. आता त्या घरी मागाला हात लावणारं कुणी उरलं नाही.

नाव नव्हतंच. माय माझ्या शेजारी बोटांनी चाचपत डाळ निवडत बसली होती.

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथं फोन लावला, आणि रागाच्या भरात स्पीकर चालूच राहिला.

"आरं, माय मेली का तुजी?"

"आक्का, आधी ऐकून घे. तिकडच्या लोकांना गोष्ट लागती. लिहिलं हॉटेलवाल्यांनी."

"त्यांना सांगितलं कुणी? आन् मी कोण रं? मी बी मेले का?"

मग म्हणतो, "आता पाटी बदलता येत न्हाई. मायला नको सांगू."

मायनं सूप बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला. मी फोन दिला. चिडेल, रडेल, शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मला कोन्च्या दिशी मारलंस, बाळा?"

मग तो पुटपुटला, "हॉटेल उघडलं, त्याच्या आदल्या दिशी."

"आसं व्हय," माय म्हणाली. "दुसऱ्या दिशी तर मी तुझ्या नावानं गल्लीत पेढे वाटीत होते."